वरचा माळ, खालचे तळे : माणदेशातील दुष्काळी तलावांची दीडशे वर्षे

सातारा आणि सांगली ही नावे कानी पडली की आपल्या मनात प्रथम कृष्णामाई उभी राहते. वाईचे घाट, कराडचा प्रीतिसंगम, औदुंबरची गर्द सावली, सांगलीचा आयर्विन पूल आणि दोन्ही तीरांवर दूरवर पसरलेला ऊस. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अर्धेच आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, म्हसवडच्या परिसरात, पाचशे मिलिमीटर तरी पडेल याची शाश्वती नसते. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पुढे कोरडा वारा तेवढा जातो. माण, खटाव, खानापूर, आटपाडी आणि पलीकडे सांगोल्यापर्यंतचा हा मुलूख म्हणजे माणदेश. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली ‘बनगरवाडी’ लिहून या मुलखातील धनगरांचे, मेंढरांचे आणि अवर्षणाचे जग मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचविले.

या कोरड्या मुलखात दोन नद्या उगम पावतात. माण नदी महादेवाच्या डोंगररांगेत कुळकजाईच्या बाजूला उगवते, दहिवडी-म्हसवडवरून वाहत जाऊन पुढे भीमेला मिळते. येरळा खटावच्या उत्तरेकडून निघते, खानापूर-तासगावचा प्रदेश ओलांडते आणि ब्रह्मनाळ येथे कृष्णेत विलीन होते. या नद्यांवर आणि त्यांच्या उपनद्यांवर दीडशे वर्षांपूर्वी काही तलाव बांधले गेले. नेर, मायणी आणि राजेवाडी हे त्यांतील ठळक होत. या तलावांचे पुढे काय झाले, त्यांतील मासे आणि पाखरे कोठे गेली, आणि तलाव आटण्याचे कारण तलावातच शोधावे की अन्यत्र, याचा विचार आपण या लेखात करणार आहोत.

दुष्काळाने बांधलेले तलाव

१८७६ साली दख्खनवर पावसाने पाठ फिरविली. १८७८ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज इतिहासकार करतात. सातारा जिल्ह्याचा पूर्वभाग त्या आगीत होरपळून निघाला. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. काही भाग इंग्रजी सातारा जिल्ह्यात होता, आटपाडी औंध संस्थानात होती, जत आणि सांगली ही स्वतंत्र संस्थाने होती. पुढे १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ असा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्त्यांच्या खडीबरोबर तलावांचे भरावही त्यात आले. राजेवाडीचा तलाव, ज्याला जुन्या कागदपत्रांत म्हसवडचा तलाव म्हणत, तो याच दुष्काळाचे अपत्य. येरळेवरचा नेरचा तलावही त्याच काळातला, आणि मायणीचा तलावही त्याच दशकातला. या भरावांवर माती वाहणारे हात कोणत्या अवस्थेत होते, हे आपण विसरू नये. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी कमी करण्यात आली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर आणा-अर्धा आणा. बायकामुलांना त्याहून कमी. इतक्या अन्नावर माती वाहणे अशक्य आहे, असे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला अर्जांमागून अर्ज करून कळविले. हजारो मजुरांनी तर अर्ज-विनंत्यांची वाट न पाहता कामे सोडली. तरीही भराव उभे राहिले. माणदेशातील तलावांच्या मातीत उपाशी माणसांचा घाम मिसळलेला आहे, हे म्हणणे अलंकारिक नाही.

राजेवाडीच्या तलावाची आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. धरण आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे, पाण्याचा फुगवटा सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या अंगाला पसरतो आणि कालव्याचे पाणी सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याच्या गावांपर्यंत जाते. एकाच तळ्याचे तीन जिल्हे. ज्याच्या शिवारातून गाळ येतो, ज्याच्या शिवारात पाणी उभे राहते आणि ज्याच्या शिवारात ते जाते, ती माणसे निरनिराळ्या कचेऱ्यांच्या अंमलाखाली आहेत. पुढच्या कहाणीत या गोष्टीला फार महत्त्व आहे.

वहीत एकच रकाना

तलाव पुरे झाले तेव्हा पाटबंधाऱ्याच्या वहीत त्यांची नोंद एका प्रकारे झाली : किती पाणी साठले, किती एकर भिजले, किती पाणीपट्टी जमा झाली. पाणीपट्टीतून खर्च भरून निघेना, म्हणून अशा कामांची गणना ‘संरक्षक’ कामांत होऊ लागली. १८८० च्या दुष्काळ आयोगानेही अशा संरक्षक कामांचा पुरस्कार केला. हिशेब मात्र कालव्याच्या पाण्यापुरताच राहिला.

प्रत्यक्षात तलाव काय काय देत होता? भरावाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा पाझर मिळे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की ओल्या गाळात गाळपेर होई. जोंधळा, हरभरा, काकडी-कलिंगडे निघत. काठाच्या लव्हाळ्यात आणि हिरवळीत चैत्र-वैशाखातही गुरांना चारण मिळे. मेंढरांचे कळप पाण्यावर येत. कुंभाराला चिकण माती मिळे, शेतकऱ्याला खताचा गाळ मिळे. भोई जाळी टाकत आणि आठवडी बाजारात मासळी येई. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके आणि करकोचे उतरत. यातील एकाही गोष्टीला वहीत रकाना नव्हता.

अलीकडे शास्त्रज्ञांनी या गोष्टींना ‘परिसंस्थेच्या सेवा’ असे नाव दिले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने २००५ मध्ये पुरा झालेल्या जागतिक परिसंस्था मूल्यमापनाने त्यांचे चार वर्ग केले : अन्न-पाणी-चारा यांचा पुरवठा, पूर, हवा आणि पाण्याची शुद्धता यांचे नियमन, माणसाच्या मनाला आणि संस्कृतीला मिळणारे धन, आणि या सर्वांना आधार देणाऱ्या माती घडणे, पोषकद्रव्ये फिरती राहणे यांसारख्या क्रिया. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. माणदेशातील भोई, धनगर आणि कुंभार ती जाणत होते. त्यांना ती वहीत मांडता येत नव्हती, एवढेच.

आमच्या मते या तलावांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचे मर्म येथेच आहे. ज्या लाभाची नोंद नसते, तो नाहीसा झाला तरी कोणी फिर्याद करीत नाही.

कटगुणच्या वंशजाने सांगितलेली गोष्ट

त्या काळात एका माणसाने मात्र माळ, गाळ, गायरान आणि पाणी यांचा विचार एकत्र केला होता. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. म्हणजे ज्या येरळेच्या खोऱ्यात नेरचा तलाव झाला, त्याच मुलखातले. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे अन्नछत्र चालवून पोरक्या मुलांना जगविले. त्या अनुभवानंतर, १८८३ मध्ये पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीरावांनी सरकारपुढे काही उपाय ठेवले. डोंगरटेकड्यांच्या उतारांवर ताली आणि बंधारे असे घालावेत की पावसाचे पाणी शेतात मुरून मग पुढे जावे, नदीनाल्यांत व तळ्यांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा, आणि सरकारने आपल्या रानात घातलेली गायराने गावांना परत करावीत, असे त्या उपायांचे सार आहे.

या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे ध्यानी घ्यावे. गायरान राहिले तर गवत राहते. गवत राहिले तर माती जागची हलत नाही. माती हलली नाही तर तळे भरून येत नाही. आणि जो थोडा गाळ येतो तो शेतकऱ्याने उचलला की तळे पुन्हा खोल होते. शेतीतज्ज्ञ आज हे जलागम क्षेत्राचे शास्त्र म्हणून शिकवितात. जोतीरावांनी ते शेतकऱ्याच्या अनुभवातून मांडले होते. पुढील शंभर वर्षांत जे घडले ते मात्र नेमके याच्या उलट होते.

माळ नांगरला गेला

माणदेशाच्या टेकड्यांवरची माती उथळ आणि मुरमाड. तिच्यावर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते वाढत. हा माळ उघडाबोडका दिसला तरी ओसाड नव्हता. गवताची मुळे मातीला घट्ट धरून ठेवीत, आणि मेंढरे शेतात बसविली की लेंडीखत मिळे. खालच्या चांगल्या जमिनीत शाळू, वरकस जमिनीत बाजरी-मटकी, आणि बाकी चराई; अशी ही मांडणी होती.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः विजेचे पंप गावोगाव पोहोचल्यावर, ती मांडणी झपाट्याने बदलली. विहिरीमागून विहिरी आणि पुढे कूपनलिका आल्या. तासगाव-खानापूरच्या अंगाला द्राक्षबागा, आटपाडीकडे डाळिंब, आणि जेथे पाणी लागले तेथे ऊस. ट्रॅक्टर आला आणि बैलाच्या नांगराला न जुमानणारा उताराचा माळही उलटला गेला. गायरानांवर अतिक्रमणे झाली, कुरणांची वाटणी झाली, रस्ते आणि खाणी आल्या. कष्टाने कोरड्या मुलखात बाग फुलविणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्याच्या बापाने चारा छावणीत दिवस काढले, त्याने डाळिंबाचे रोप लावले तर ते स्वाभाविकच आहे. परंतु माळाने आजवर जे काम फुकट केले, ते थांबल्यावर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागणारच.

ती किंमत केवढी, याचा एक साधा हिशेब करून पाहू. एक चौरस किलोमीटर उतारावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर वाहून गेला, तर ती माती एक हजार घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीनशे ब्रास होते. तेवढ्या मातीने तळ्यात दहा लाख लिटर पाण्याची जागा अडते. नव्याने नांगरलेल्या उतारावर वळवाच्या एखाद्या जोरदार सरीलाही एवढी माती हलविणे अवघड नसते. शेकडो चौरस किलोमीटरांचे पाणी ज्या तळ्यात येते, त्याच्या तळाशी दीडशे वर्षांत काय साचले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

दुसरा बदल नदीच्या पात्रात झाला. माण आणि येरळा या पावसाळी नद्या. वाहत्या थोड्या दिवस, परंतु वाळूच्या पोटी पाणी राखणाऱ्या. शहरांत सिमेंटची घरे वाढली तशी या वाळूला किंमत आली आणि पात्रे खरवडली गेली. वाळू गेली तसे तिच्यातले पाणी गेले, काठच्या विहिरी खोल गेल्या, डोह आटले. या वाळूचा विवेकाने केलेला वापरही याच खोऱ्याने पाहिला आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी, मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने, येरळेची मर्यादित वाळू गावानेच विकून त्या पैशातून ‘बळीराजा स्मृती धरण’ बांधले आणि पाणी सर्व कुटुंबांना सारखे वाटण्याचा ठराव केला. त्यांचे म्हणणे साधे होते : नदीची संपत्ती ठेकेदाराची नव्हे, खोऱ्यातल्या माणसांची.

तिसरा बदल चांगल्या हेतूने झाला. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे यांनी १९६९ च्या सुमारास ज्या योजनेचा प्रयोग केला, ती १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी म्हणून राज्यभर गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध आणि ताली यांचे जाळे पसरले. पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले, डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, २०१६ पासून गावागावांत पाणलोटाच्या कामांची स्पर्धा लागली. पहिल्याच वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळूने आणि २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडीने तीत पहिला क्रमांक मिळविला. श्रमदानाचा तो उत्साह कौतुकास्पद होता. या कामांनी माती अडते. जोतीरावांनी सांगितले ते यातून उशिरा का होईना घडू लागले. मात्र वर अडलेले पाणी खालच्या जुन्या तळ्याला कमी मिळते, आणि वर मुरलेले पाणी उसासाठी पुन्हा उपसले गेले तर ते कोणालाच मिळत नाही. म्हणजे माती अडविणे हा अर्धा उपाय. अडविलेल्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे, हा उरलेला अर्धा.

माशांची कहाणी

या सर्वांचा परिणाम सर्वांत आधी माशांवर होतो. पण मासा पाण्याखाली असल्यामुळे तो सर्वांत शेवटी आपल्या नजरेस येतो.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. त्याने मासे पाहिले तसेच कोळ्या-भोयांच्या तोंडची नावेही टिपली आणि तीच शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोलूस, नुकटा ही पदे त्यामुळे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आढळतात. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातील मासळीची ही थोरवी होती. माण-येरळेसारख्या पावसाळी नद्यांतील मासळी उन्हाळाभर डोहांत तग धरी आणि आषाढाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर अंडी घालण्यासाठी वर चढे. वसईच्या वाचकांना वलगणीच्या माशांचे निराळे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. नद्यांवर तलाव झाले तेव्हा ही मासळी तलावांत आली. मरळ, वाम, शिंगटी आणि लहान खवल्यांचे अनेक मासे तेथे वाढले. वरच्या बाजूला नदी मोकळी होती, डोह होते, म्हणून वंश चालू राहिला.

पुढे वाळू गेली, डोह गेले, आणि चढणीच्या वाटेवर ठिकठिकाणी बंधारे उभे राहिले. गढूळ पाण्यात ऊन खोलवर पोहोचत नाही, त्यामुळे माशांचे सूक्ष्म अन्न कमी तयार होते. गाळाने उथळ झालेले पाणी लवकर तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. शेतांतून वाहून आलेल्या खतांनी शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू देते, परंतु रात्री तोच ओढून घेते. पहाटेच्या वेळी तळ्यावर मेलेले मासे तरंगताना दिसतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. कोणी विष घातले असे गावकऱ्यांना वाटते. वास्तविक ते तळ्याचे गुदमरणे असते.

मासळी घटली तेव्हा उपाय शोधला गेला तो बाहेरचे बीज सोडण्याचा. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओरिसात अंतःस्रावी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि रोहू, कटला, मृगळ या गंगेच्या माशांचे बीज देशभरच्या तळ्यांसाठी उपलब्ध झाले. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळू लागले. हा मोठाच आधार होता आणि आजही आहे. परंतु हे मासे वाहत्या नदीत अंडी घालणारे. साचलेल्या तळ्यात ते सहसा वंश वाढवीत नाहीत. दर वर्षी बोटुकली विकत आणावी, सोडावी, वाढवावी आणि तळे आटण्यापूर्वी काढावी. मासळी अशा रीतीने एक पीकच झाली. बियाणे विकतचे आणि पाण्याची हमी नाही. ज्या वर्षी तळे माघातच तळ दाखविते, त्या वर्षी संस्थेचे बीज, ठेका आणि श्रम तिन्ही बुडतात. नुकसानभरपाईच्या चर्चेत द्राक्षबागायतदाराचे नाव निघते. भोयाचे क्वचितच निघते.

त्यातच १९५२ मध्ये आफ्रिकेचा तिलापिया भारतात आला. आपल्याकडे त्याला चिलापी म्हणतात. हा मासा अंडी तोंडात जपतो, थोड्या महिन्यांत वयात येतो आणि वाईट पाण्यातही तगतो. तळे बिघडत गेले की इतर मासे हटतात आणि चिलापी माजते. गरिबाच्या ताटात मासळी पडते हे खरे. परंतु दाटी झाली की तिची वाढ खुंटते आणि लहान माशाला भाव थोडा मिळतो. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा मोठा परका मासा सोडला गेला आणि तेथील शेकडो स्थानिक जातींवर संक्रांत आली. परका पाहुणा घरधनी झाला की काय होते, याचे ते जगप्रसिद्ध उदाहरण आहे. आमच्या लहान तळ्यांत असे जे घडले, त्याचा बोभाटा झाला नाही इतकेच.

कृष्णेचे पाणी आणि रोहित पक्षी

माणदेशाने पाण्यासाठी दीर्घ लढा दिला. १९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरविलेल्या पाणी परिषदांनी कृष्णेच्या पाण्यातील वाटा मागितला. १९९६ मध्ये मंजुरी मिळालेली टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेते. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांनी माण-खटावला पाणी दिले. नेरच्या जुन्या तलावात आता कृष्णेचे पाणी पडते. एकीकडे २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीकरांनी महापूर सोसले आणि दुसरीकडे छावण्यांत जनावरे उभी होती. हे पाहता या पाण्यावर माणदेशाचा हक्क आहे, याविषयी दुमत असू नये.

परंतु पाणी आले म्हणजे तळे परत आले, असे नव्हे. उपशाचे पाणी विजेच्या बिलावर आणि आवर्तनाच्या वेळापत्रकावर चालते. माशांच्या विणीला आषाढाचा लोंढा लागतो. शिवाय नदीचे पाणी येते ते नदीचे गुणदोष घेऊन. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत फार मोठ्या प्रमाणावर मासे मेले, ही घटना ताजी आहे. ज्या नदीवर दोन जिल्ह्यांची तळी विसंबणार, ती नदी स्वच्छ राखणे हे आता माणदेशाचेही काम झाले आहे.

पाखरांची गोष्ट आणखी नाजूक आहे. मायणीच्या तलावावर पूर्वी हिवाळ्यात रोहित पक्षी उतरत. त्यांच्याबरोबर चक्रवाक, थापट्या, वारकरी, चित्रबलाक अशी पाखरे असत. गाळाने आणि कोरड्या वर्षांनी मायणी ओस पडत गेली, तसे रोहित येरळवाडीच्या पाण्याकडे वळले. २०२१ मध्ये राज्य शासनाने मायणी, येरळवाडी आणि भोवतालच्या तलावांचे मिळून आठशे हेक्टरांहून अधिक क्षेत्र पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले. या मुलखाच्या इतिहासात तलावाच्या वहीत पाण्याखेरीज दुसरा रकाना प्रथमच उघडला, तो असा.

आता अडचण पाहा. रोहित पक्ष्याला गुडघाभर उथळ पाणी आणि चिखल हवा असतो. त्यातूनच तो चोचीने अन्न गाळून घेतो. मच्छीमाराला खोल पाणी हवे. बागायतदाराला तळे भरलेले हवे, पण ते आपल्या पाइपातून रिते करण्यासाठी. गाळपेर करणाऱ्याला पाणी मागे सरलेले हवे. धनगराला काठ मोकळा हवा. यांपैकी कोणाचीही मागणी अन्यायाची नाही. तळ्याने पूर्वी या सर्वांना ऋतूंप्रमाणे आळीपाळीने वाटा दिला. भाद्रपदात खोल पाणी, पौषात उथळ काठ, वैशाखात गाळ. वरचा माळ शाबूत होता तोवर ही पाळी आपोआप चालत असे. आता ती माणसांनी बसून ठरवावी लागेल.

पुढे काय करावे

मे २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. जोतीरावांची सव्वाशे वर्षांपूर्वीची मागणी त्या रूपाने मान्य झाली. मात्र गाळ काढताना यंत्राने सगळे तळे एकसारखे खरवडले, तर पाखरांचा उथळ काठ आणि माशांची विणीची जागा दोन्ही जातील. मध्यभाग खोल करावा आणि काठ उतरता ठेवावा, एवढे पथ्य पाळणे कठीण नाही. तलावात ठरावीक पातळीच्या खाली उपसा होऊ देऊ नये, म्हणजे मासळीचे बीज जिवंत राहील. फुगवट्याच्या वर गवताचा पट्टा राखावा आणि तो धनगरांच्या चराईला नियमाने द्यावा. माती अडेल आणि मेंढरेही जगतील. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वरच्या गावांची, खालच्या गावांची आणि मच्छीमार संस्थेची एकत्र बैठक व्हावी. राजेवाडीसारख्या तीन जिल्ह्यांच्या तळ्याला तर तिची नितांत गरज आहे. बलवडी-तांदुळवाडीच्या सामान्य शेतकऱ्यांनी जे करून दाखविले, ते अशक्य म्हणता येणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळ वाचक माणदेशापासून दूर, समुद्राकाठी राहतात. त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. वसईच्या वाड्यांतील बावखले आठवावीत. केळी, पानवेली आणि फुलांच्या बागांना त्यांनी पाणी दिले, विहिरी गोड राखल्या, पावसाचा लोंढा पोटात घेतला, मुलांना पोहायला शिकविले. रहाट थांबला आणि पाणी नळाने आले, तेव्हा बावखलाचा उपयोग संपला असे आपण समजलो. एकेक बावखल भरणी टाकून बुजविले गेले. तेव्हाही तक्रार झाली नाही, कारण बावखलाच्या इतर उपकारांची नोंद कोणत्याही दफ्तरात नव्हती. पावसाचे पाणी घरात शिरू लागले तेव्हा ती नोंद आपल्या ध्यानी आली.

माणदेशातील तलाव बांधणारी माणसे एक रत्तल धान्यावर राबली. त्यांनी वाहिलेली माती अजून भरावात आहे. वरच्या माळाची माती मात्र खाली येऊन तळ्यात बसली आहे. पहिल्या मातीचे ऋण फेडायचे असेल, तर दुसरी माती जागच्या जागी राखली पाहिजे. त्यासाठी तलावाच्या वहीत पाण्याबरोबर मासा, पाखरू, गवत आणि गाळ यांचेही रकाने आखले जावेत, आणि ते रकाने गावातील मुलामुलींनी शाळेत असतानाच भरायला शिकावेत, असे आम्हांस वाटते.